भयपटाचं पोस्टर: भूत दाखवायचं की दडवायचं? (सल्ला हवा)

दर्यावरचो (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात आम्ही मित्रांनी मिळून एक लघुभयपट केलाय. नाव 'जास्तीचो वाटो', लांबी २२ मिनिटं. गोष्ट अशी: पहाटे रापण ओढली जाते, मासळी वाळूवर पडते, वाटे घातले जातात आणि माणसांपेक्षा एक वाटा जास्त भरतो. मोजणारा चुकला म्हणून सगळे हसतात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वाटे तेवढेच असतात, पण या खेपेला हिशोब बरोबर जुळतो, एकही वाटा उरत नाही. पुढचं सांगत नाही.

रापण माहीत नसलेल्यांसाठी: होडीतून जाळं अर्धगोलात सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगा करून माणसं ते ओढतात.

जत्रेच्या आधी गावात पडदा लावून दाखवायचा आहे, मग यूट्यूबवर. पोस्टरचा कच्चा नमुना केलाय. वर लाल चंद्र, मध्ये केस मोकळे सोडलेली हिरव्या चेहऱ्याची बाई, डोळे पांढरे. खाली आमच्या चार कलाकारांचे चेहरे. मागे जाळं. नावाच्या अक्षरांतून रक्त गळतंय आणि त्याखाली 'अंगाचा थरकाप उडवणारा अनुभव'. घरच्यांना आवडलं, मित्रांनी स्टेटसला ठेवलं, पण बघून कोणी दचकलं वगैरे नाही. जाणकारांनी सांगा.

गजालीकार

माका तर तो हिरवो चेहरो बघून हसूच इला. एक इचारतंय, पिक्चरात बाई आसा?

दर्यावरचो

नाही. पण भयपट म्हटलं की लोकांना काहीतरी दिसायला नको का?

निशाचर

नसेल तर ती बाई आधी काढा. प्रेक्षक तिची वाट बघत २२ मिनिटं बसेल आणि मग यूट्यूबवर खाली जे लिहील ते तुम्हाला वाचवणार नाही.

पोस्टर बघताना मी एकच गोष्ट तपासतो: या चित्रात कोणाला काय माहीत आहे? 'जॉज' (१९७५) चं पोस्टर घ्या. रॉजर कॅस्टेलने ते मुळात कादंबरीच्या कागदी बांधणीच्या आवृत्तीसाठी रंगवलं होतं. वर पोहणारी बाई, खालून तिच्याकडे तोंड वासून येणारा भलामोठा शार्क. ती आपल्या नादात आहे. तिला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. सगळी भीती त्या फरकात आहे. म्हणून शार्क पूर्ण दाखवूनही ते चित्र चालतं. 'भूत कधीच दाखवू नये' असा काही नियम नाही.

'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) बरोबर उलट. रस्त्यावरच्या दिव्याखाली टोपी घातलेला, हातात बॅग घेतलेला माणूस, काळी आकृती नुसती. वरच्या खिडकीतून उजेडाचा झोत खाली आलाय. त्या खोलीत काय आहे याची त्याला कल्पना आहे, आपल्याला नाही. आणि लक्षात घ्या, त्या चित्रपटाकडे दाखवण्याजोगा चेहरा होता. तरी पोस्टरवर तो घेतला नाही.

तुमच्या नमुन्यात बाईला माहीत आहे की ती भूत आहे, आपल्यालाही माहीत आहे, आणि खालचे चौघे फोटो काढायला उभे राहिल्यासारखे आपल्याकडे बघतायत. सगळ्यांना सगळं ठाऊक. मग घाबरायचं कोणी?

पोफळी

+१. आणि ते 'थरकाप उडवणारा अनुभव' काढच. विनोद सांगायच्या आधी 'आता हसा हं' म्हणतात त्यातली गत.

सौंदाळा

मी एक सुचवतो. ओल्या वाळूवर फक्त प्रचंड मोठ्या चामडी चपला. जुन्या, झिजलेल्या. बाकी रिकामा किनारा. कोण चालून गेलं असेल?

आरवलीकरीण

सौंदाळा, चित्र म्हणून छान आहे, पण वेंगुर्ले तालुक्यात हे करू नका. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे आमच्या गावाच्या राखणदार देवाला, नवसाच्या एवढ्याच मोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाच्या सीमेवर फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. आमच्यासाठी ती भीतीची खूण नाही, रात्री एकटं येताना धीर देणारी खूण आहे. राखणदाराला तुम्ही खलनायक केलंत तर जत्रेत पोस्टर लावायला जागा मिळणार नाही, आणि मिळूही नये. बाहेरचा प्रेक्षक घाबरेल, इथला दुखावेल.

सौंदाळा

हे डोक्यात आलं नव्हतं. मागे घेतो.

चाकरमानी_डोंबिवली

धाग्याशी थोडं फटकून लिहितोय. कोकण म्हटलं की भूतच का? २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही टीव्ही मालिका आली आणि आकेरीचा वाडा बघायला गाड्या भरभरून लोक यायला लागले. त्यानंतर ऑफिसात मी सावंतवाडीचा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: तुमच्याकडे खरंच असतात का हो? चकवा, देवचार, गिऱ्हा, मुंजा अशा भुतांच्या गजाली (गप्पागोष्टी) आम्हीही ऐकल्यात, पण त्या ऐकत जेवायचो, झोपायचो आणि सकाळी शाळेत जायचो.

दर्यावरचो

पटतं. म्हणूनच आमच्या गोष्टीत वाडा नाही, कंदील नाही, पांढरं लुगडं नाही. सगळं उघड्यावर, पहाटेच्या उजेडात घडतं.

निशाचर

मग पोस्टर रात्रीचं का? तुमच्या हातात एवढी चांगली गोष्ट आहे आणि तुम्ही ती काळ्या-लाल रंगात बुडवून शेजारच्या शंभर भयपटांत मिसळून टाकली. 'द शायनिंग' (१९८०) साठी सॉल बासने केलेलं पोस्टर पिवळंधमक आहे. दिग्दर्शक कुब्रिकने त्याची कितीतरी रेखाटनं शेरे मारून परत पाठवली होती आणि शेवटी पिवळ्यावर काळं, ठिपक्याठिपक्यांचा चेहरा एवढंच उरलं. भिंतीवर दहा काळी पोस्टरं असतील तर नजर त्या पिवळ्यावर जाते.

अक्षरवेडी

दर्यावरचो, तुमच्या गोष्टीतलं चित्र तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की! वाळूवर ओळीने मासळीचे वाटे. प्रत्येक वाट्यामागे एक माणूस. एका वाट्यामागे कोणी नाही. बास. रक्त नाही, जाळं नाही, चंद्रसुद्धा नको.

पोफळी

वा! हे मी भिंतीवर लावीन.

गिलनेट

चित्र चांगलं, पण रापणीतल्या माणसाला त्यात काय खटकणार नाही. आमच्यात वाटे फक्त माणसांचे नसतात. होडीचा वाटा असतो, जाळ्याचा असतो. म्हणजे मागे माणूस नसलेला वाटा आम्ही रोज बघतो. माझा बाप पोस्टर बघून म्हणेल, 'होडयेचो वाटो तो, त्यात काय?' तुमचा पहिला प्रेक्षक गावातला आहे ना?

अक्षरवेडी

हे पुस्तकात वाचून कधीच कळलं नसतं. धन्यवाद. मग त्या वाट्यामागे काहीतरी हवं, पण माणूस नाही.

गिलनेट

पायाचे ठसे. दर्यातून त्या वाट्यापर्यंत आलेले. परत गेलेले नाहीत.

निशाचर

झालं पोस्टर!

फक्त दोन गोष्टी. एक, ठशांची दिशा लहान आकारातही कळली पाहिजे, म्हणजे टाच समुद्राकडे आणि बोटं आपल्याकडे. फोटो वरून काढाल तर ठसे स्पष्ट येतील पण माणसं बुटकी दिसतील. कमरेच्या उंचीवरून काढाल तर माणसं चांगली येतील, ठसे दबून जातील. साधारण डोक्याच्या थोडं वरून, एखाद्या स्टुलावर उभं राहून बघा. दुसरं, माणसांनी कुठे बघायचं. कॅमेऱ्याकडे कोणीही बघायचं नाही. सगळ्यांच्या माना त्या वाट्याकडे वळलेल्या. चित्रात माणसं जिकडे बघतात तिकडे आपली नजर आपोआप जाते, बाण काढायची गरज पडत नाही. आणि मघाच्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं: त्यांना काहीतरी दिसतंय, आपल्याला ठसे तेवढे दिसतायत.

सौंदाळा

एकाने बघू नये. सगळे वाट्याकडे बघतायत आणि एकजण खाली मान घालून आपल्या पायांकडे. किंवा समुद्राकडे.

निशाचर

हे आवडलं. पण समुद्राकडे नको, तिथे दुसरी गोष्ट सुरू होते. स्वतःच्या पायांकडे.

गजालीकार

तो मी जातंय. माका पायच दिसतत, पोट आडव्या येता तरी.

दर्यावरचो

मंडळी, काय बोलू! लगेच शूट करतो. मागे समुद्रातून उगवणारा सूर्य घेऊ का? तांबडं आभाळ चांगलं दिसेल.

आरवलीकरीण

अहो, वेंगुर्ल्यात सूर्य समुद्रातून कधीपासून उगवायला लागला? आपला दर्या पश्चिमेला. पहाटे समुद्राकडे तोंड केलं की सूर्य पाठीमागे, माडांच्या आड.

दर्यावरचो

😀 घोळ झाला असता. रोज बघून पण.

गिलनेट

सूर्य नको, पण चंद्र घेता येईल, आणि तो खोटा दिसणार नाही. पुनवेला चंद्र पहाटे दर्यावरच मावळतो. कोजागिरी जवळ आलीय. आणखी एक फायदा: पुनवेला आपल्याकडे भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणजे पहाटे सुकती (ओहोटी). उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जातं आणि ओली, सपाट, आरशासारखी वाळू लांबपर्यंत मोकळी मिळते. ठसे अशाच वाळूत नीट उठतात. कोरड्या वाळूत नुसते खड्डे दिसतात. तुमच्या किनाऱ्याची वेळ भरतीच्या तक्त्यात एकदा बघून घ्या. आणि वाळूवर आधी कोणालाही चालू देऊ नका, कुत्र्यांनासुद्धा. ठसे उमटवणाऱ्याने पाण्यातून यायचं, वाट्यापाशी थांबायचं आणि परत न जाता बाजूने, फ्रेमच्या बाहेर उडी मारायची. माणसांनी मागच्या बाजूने येऊन उभं राहायचं.

निशाचर

चंद्र असेल तर एक सूचना. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने तो टिकलीएवढा येईल. तो कापून मोठा करून चिकटवण्याचा मोह आवरा. नमुन्यातला लाल चंद्र तसाच आलाय ना? मोठा हवा असेल तर लांब मागे जाऊन झूम लेन्सने काढा. नाहीतर टिकलीएवढाच राहू दे, तोही चालतो. सूर्योदयाच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं महत्त्वाची. तेव्हा आभाळ आणि वाळू यांचा उजेड जवळपास सारखा असतो. अंधारात काढलात तर चंद्र पांढरा ठिपका आणि माणसं काळी. उशीर केलात तर चंद्र फिकट पडतो, कुठे गेला शोधावा लागतो.

चाकरमानी_डोंबिवली

आता मलाही मजा येतेय. पिंगुळीच्या चित्रकथीच्या शैलीत पोस्टर केलं तर? परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून बाहेरही लोकांना ती कला माहीत झालीय.

अक्षरवेडी

कल्पना मोहात पाडणारी आहे, पण या चित्रपटाला नको. चित्रकथी पौराणिक कथा सांगणाऱ्याच्या हातातली चित्रं आहेत. एक पान दाखवायचं, गायचं, मग पुढचं पान. ठाकर समाजाच्या कलाकारांकडून स्वतंत्र चित्र करून घेणार असाल आणि गोष्ट त्या जातीची असेल तर जरूर. दोन डोळे आणि चार रेघा उचलून फोटोवर चिकटवणं मला बरं वाटत नाही. शिवाय या फोटोची सगळी ताकद 'हे खरंच घडलंय' असं वाटण्यात आहे. चित्र काढलं की प्रेक्षक लगेच म्हणतो, अच्छा, गोष्ट आहे तर.

आता माझा विषय, अक्षरं. रक्त गळणारं देवनागरी हा माझा जुना राग आहे. शिरोरेखेला थेंब लोंबकळवले की काम झालं असं समजतात. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची नावं ज्या तऱ्हेने लिहिली त्यात नुसत्या अक्षरांच्या वळणावरून नाटकाचा पिंड कळायचा. सजावट वेगळी काढून ठेवता यायची नाही. तुमच्या नावाला तो न्याय द्यायचा तर मी काय करीन ते सांगते: फॉन्ट वापरणारच नाही. गावात होड्यांवर नावं रंगवणारा पेंटर असेल ना?

दर्यावरचो

आहे. गणपतीच्या मखराचे पडदेही तोच रंगवतो.

अक्षरवेडी

त्याच्याकडून 'जास्तीचो वाटो' होडीवर लिहितात तसंच, ऑइलपेंटने, फळीवर लिहून घ्या. जुनी, खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे सुटलेली फळी मिळाली तर उत्तम. त्याला 'भीतीदायक काढ' असं अजिबात सांगू नका, नाहीतर तो थेंब काढील. होडीचं नाव आहे म्हणून सांगा. फळीचा फोटो काढा, अक्षरं वेगळी करा. जाड, ठसठशीत, जरा गोंडस अक्षरं असतील, आणि त्या चित्राखाली तीच अंगावर येतील.

पोफळी

शिरोरेखेऐवजी रापणीचा ताणलेला दोर काढला तर? उजवीकडे पानाबाहेर जाणारा?

अक्षरवेडी

सुचलं होतं, पण एका पोस्टरला एक करामत पुरे. ठसे ती आहेत. दोर घेतला की बघणारा 'काय डोकं लावलंय' म्हणत दोराचं कौतुक करत बसेल.

फ्लेक्सवाला_कुडाळ

सगळं वाचलं, छान चाललंय. आता जरा छपाईचं बोलू, कारण माझ्याकडे येणारी निम्मी भयपटाची आणि भयनाट्याची पोस्टरं स्क्रीनवर सुंदर असतात आणि छापून डांबर होतात.

स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फेकत नाही. लॅपटॉपवर सावलीत जे बारकावे दिसतात ते फ्लेक्सवर बुजतात. म्हणून छपाईची फाइल मोबाइलच्या फाइलपेक्षा थोडी उजळ ठेवा आणि शेवटची ऑर्डर देण्याआधी एक छोटा तुकडा छापून उन्हात धरून बघा. फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) बदलून आधी बघा, पहाटेचा निळा हमखास मळतो. काळा भाग मोठा असेल तर नुसता काळा शंभर टक्के दिलात की तो करडा दिसतो. त्यात थोडा निळा, किरमिजी, पिवळा मिसळावा लागतो. किती ते तुमच्या छापणाऱ्याला विचारा, मशीनप्रमाणे बदलतं, आणि जास्त झालं की शाई वाळत नाही. बारीक अक्षरांना मात्र नुसता काळाच.

मोठ्या फ्लेक्सला ३०० डीपीआय (इंचाला ठिपके) लागत नाही. लांबून बघायचा असतो, पूर्ण मापात ७२ ते १०० पुरतो. हातात धरायच्या ए३ ला ३०० हवा.

आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका. दाबून छोटा करतं, आणि आभाळासारख्या सावकाश बदलणाऱ्या रंगात पट्टे पडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चित्रात हलकासा दाणा टाकलात तरी पट्टे कमी दिसतात.

दर्यावरचो

दादा, हे सोन्यासारखं. एक अडचण उरलीय. पडद्याचा आणि साउंडचा खर्च गावातल्या दुकानदारांनी केलाय. त्यांना पोस्टरवर नाव हवं, एकाला स्वतःचा फोटोही. आणि एका कलाकाराची आई म्हणते, 'माझ्या झिलाचो चेहरो दिसूक होयो.'

गजालीकार

शुभेच्छुकाचो फोटो त्या रिकाम्या वाट्यामागे लाव. खरी भीती थयच आसा.

फ्लेक्सवाला_कुडाळ

😂 रोजचं आहे हे आमचं. उपाय: दोन फाइली करा. पोस्टर स्वच्छ. फ्लेक्सला खाली वेगळी पांढरी पट्टी, त्यात सगळे शुभेच्छुक, फोटोसकट. पट्टी चित्राच्या अंगावर घ्यायची नाही, खाली जोडायची. त्यांना नाव मोठं मिळतं, तुमचं चित्र वाचतं. कोणी नाराज होत नाही.

आरवलीकरीण

आणि आईला सांगा, झील मधोमध उभा आहे, मान फक्त वळलीय. ओळखता येईल एवढा चेहरा बाजूने दिसू दे. आईचं मन राखलं पाहिजे, जत्रेत खाजं तीच वाटणार आहे.

दर्यावरचो

कोजागिरीच्या पहाटे शूट झालं! चंद्र टिकलीएवढाच आला, पण आला. ठसे गिलनेटदादांनी सांगितले तसेच. पहिले कुत्र्याने मोडले, मग थोडं पुढे सरकून पुन्हा केले. वाट्यांत बांगडे आणि पेडवे आहेत, ओळीने मांडल्यावर त्यांच्या चमकेने चित्राला खालून उजेड मिळाला, तो कोणी ठरवला नव्हता. पेंटरकाकांनी फळी लिहून दिली. वर एक छोटी होडी स्वतःच्या मनाने काढली होती, ती काढून टाकली आहे (त्यांना सांगू नका).

पोस्टर वर चढवलंय. नाव खाली डावीकडे, बाकी एकही ओळ नाही.

निशाचर

उत्तम. मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघितलं, डोळे किलकिले करून बघितलं, माणसांची रांग आणि मधली फट दोन्ही वेळा कळते. एवढ्या छोट्या आकारात ठसे जातात, पण फट पुरते. यूट्यूबसाठी आडवं करताना पूर्ण रांग बसवू नका. फट, तिच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन माणसं आणि ठसे, एवढंच कापा. उजव्या खालच्या कोपऱ्यात वेळेचा आकडा बसतो, तिथे काही महत्त्वाचं ठेवू नका.

पायांकडे बघणारा माणूस उजवीकडून दुसरा आहे, तो आडव्यातही आला पाहिजे. त्याच्यासाठी फट थोडी डावीकडे गेली तरी चालेल.

गिलनेट

बापाला दाखवलं. आधी म्हणाला होडयेचो वाटो. मग फोन जवळ घेतला. मग विचारलं, 'ह्यो कोण इलो?'

पोफळी

गिलनेट 👌

चाकरमानी_डोंबिवली

ऑफिसात लावतोय. विचारणाऱ्याला लिंक देईन.

दर्यावरचो

सगळ्यांचे आभार. उद्या कुडाळात छापायला टाकतो. फ्लेक्स चकचकीत घेऊ की मॅट?

फ्लेक्सवाला_कुडाळ

मॅट. चकचकीत घेतलास तर जत्रेतल्या ट्यूबलाइटी सगळ्या त्यात दिसतील. आणि चारी कडांना निदान दोन इंच जागा सोड, तिथे दुमड आणि रिंगा येतात. आत्ताच्या फाइलीत डावीकडचा म्हातारा अगदी कडेला आहे, त्याच्या कानातून सुतळी जाईल.